निमंत्रकास प्रत

४ मार्च

धाकटे,

पत्राच्या वरच्या अंगाला आशीर्वादाची जागा असते. ती कोरीच सोडणार होतो, पण चोवीस वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून हाताला वळण लागलंय: कोरं काही ठेवायचं नाही, 'लागू नाही' असं लिहायचं. तेव्हा आशीर्वाद: लागू नाही. अकरा वर्षांनी भावाचं पत्र येतंय आणि त्याची सुरुवात ही अशी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणशील. नाहीच जात.

पत्ता तुझ्या निमंत्रणपत्रावरून उचलला. आईला तिकडे बोलावण्यासाठी तू पाठवलेल्या कागदांची एक झेरॉक्स दुकानात आहे. माझा फोन तू उचलत नाहीस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही तुझ्या जागी उचलला नसता. पण अकरा वर्षांत तुझा एक रविवार चुकला नव्हता, आणि आता चार रविवार झाले, आईला तुझा फोन नाही. तिनं केला तर वाजून वाजून बंद होतो. ती दहा वाजल्यापासून जेवणाच्या टेबलाशी बसते, फोन समोर, दोन्ही हात फोनच्या दोन बाजूंना, एखादी वाटी सांडू नये म्हणून धरावी तसे. एक वाजला की म्हणते, "कामावर बोलावलं असेल." मी म्हणतो, "असेल."

डोळ्यांचं तुला तिनं सांगितलं आहेच, पण अर्धंच सांगितलं असणार. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. डॉक्टर तरुण आहे, समजावून सांगायची हौस आहे. म्हणाला, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. दारात कोणी उभं आहे एवढं कळेल, कोण आहे ते नाही. किती दिवस, विचारलं, तर म्हणाला, उन्हाळा निघेल. हे त्यानं डिसेंबरात सांगितलं. फोनच्या पडद्यावर तू तिला गेल्या वर्षापासूनच एक हलणारा डाग म्हणून दिसतेस. डागाशी ती तासभर बोलायची, ते वेगळं. पण तोंड बघायचं तर माणूस वीतभरावर हवं, खिडकीच्या उजेडात. तुला तिकडून हलता येत नाही, कारण तुझा कायम राहण्याचा अर्ज विचाराधीन असताना देश सोडला तर अर्ज सोडला असं धरतात. म्हणून तिनं यायचं ठरलं होतं.

व्हिसा नाकारल्याचं पत्र तुलाही आलं असेल. निमंत्रकाला प्रत जाते, तसा नियम आहे. त्यात जे काही लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. सरकारी भाषेला आई नसते.

फोन कर. मला नको, तिला.

दादा


१९ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. अपेक्षितच होतं. आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगतो, उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, प्रक्रिया चालू आहे. आता मला कळतं ते कोणत्या तोंडानं घरी जात असतील.

अर्ज कसा भरला ते सांगतो, म्हणजे आई किती तयारीनं निघाली होती ते तुला कळेल. 'प्रवासाचा उद्देश' विचारला. ती म्हणाली, बघायला चाललेय. काय बघायला? म्हणाली, तोंड. तोंडाला चौकोन नाही त्या अर्जात. पर्यटन, व्यापार, उपचार, शिक्षण. मी 'पर्यटन'वर खूण केली. आपण कधी घातपाती संघटनेच्या सभासद होता काय, तर म्हणाली, महिला मंडळ धरायचं का? मायदेशी परत येण्याचं सबळ कारण काय, हा तर सगळ्यांचा राजा प्रश्न. नोकरी संपून चौदा वर्षं झाली, बाबा नाहीत, घर माझ्या नावावर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला परत यायला कारण कुठून आणायचं? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "लिही, मशीनला कपडे लावून आलेय."

फोटोला मागे तीच चादर लावली. तुला आठवत असेल, इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त होताना तिनं मागून आणलेली. इतकं पांढरं कापड या शहरात दुसरं नाही, असं ती अजून म्हणते. माझ्या दुकानात हजारो माणसं त्या चादरीपुढे बसून गंभीर झाली आहेत. तूही. कान दिसले पाहिजेत, ओठ मिटलेले, हसायचं नाही. आईला म्हटलं, हसू नकोस. म्हणाली, "हसतंय कोण? तोंडच असं आहे."

वकिलातीत बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं ब्लीचमध्ये घातलेले हात, त्यांवर रेषा कुठल्या राहायला? खिडकीवरची मुलगी म्हणे, जोरात दाबा. आई म्हणाली, बाळ, याहून जोरात मी फक्त चादरी पिळल्यात. शेवटी एक अंगठा लागला.

मुलाखतीला नातेवाइकांना आत सोडत नाहीत. मी बाहेर अडथळ्याच्या दांडीशी उभा राहिलो, 'येथे थांबू नये' या पाटीच्या बरोबर खाली. अठरा मिनिटांत ती बाहेर आली. काय विचारलं, तर म्हणाली, "विचारायचं ते विचारलं. खुर्ची छान होती."

आत काय झालं ते मला कळलं नाही. नऊ दिवसांनी पत्र आलं, त्यातलं ते वाक्य तुला झोंबलं असणार, म्हणून सरळच लिहितो. आईच्या सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या अर्जात 'आमच्या देशात अर्जदाराचे कोणीही नातेवाईक नाही' असं नमूद आहे. 'याबाबत विचारले असता, आपल्याला मुलगी नाही असे आपणच ठरवले होते व तसे आपणच लिहवून घेतले, असे अर्जदाराने सांगितले.' सबब खोटी माहिती, सबब दहा वर्षं प्रवेशबंदी.

म्हातारं माणूस, परका साहेब. घाबरून तोंडातून काहीबाही जातं. एवढंच धर.

दादा


२ एप्रिल

धाकटे,

मागच्या पत्रात 'मला कळलं नाही' असं एक वाक्य आहे. ते खोडून वाच. कळलं होतं, त्याच संध्याकाळी.

वकिलातीत एक दुभाषी बाई आहे. साहेबाचं आपल्या लोकांना आणि आपल्या लोकांचं साहेबाला सांगते. माझ्याकडे झेरॉक्सला येते, तेव्हा ओळख आहे. बोलू नये असा तिच्यावर नियम आहे. तरी आली, काही छापायला न देता यंत्रापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या आईंना मी दोनदा संधी दिली हो." साहेबानं संगणकाचा पडदा आईकडे फिरवला होता. आईला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. एकही नातेवाईक नाही, खाली आईची सही. साहेबानं विचारलं, हा अर्ज तुम्ही स्वतः भरलात की कोणी भरून दिला? बाई म्हणाली, मी मुद्दाम शब्द लांबवले, कोणी दुसऱ्यानं भरला असेल तर त्याचं नाव सांगा, असं सुचवून विचारलं. आई म्हणाली, मीच सांगितलं तसं लिहायला. मला मुलगी नाही, असं मी तेव्हा म्हणत होते.

"रडल्या वगैरे नाहीत," बाई म्हणाली. "आवाज अगदी साधा. भाजीवाल्याला नको म्हणावं तसा. असं माणूस माझ्याकडून बोलवून घेतं ना, तेव्हा घरी गेल्यावर माझ्या मुलांशी मला बोलवत नाही."

तर आई तसं बोलली, हे खरं आहे. पण तो सात वर्षांपूर्वीचा अर्ज तिनं लिहवून घेतला नव्हता. तिनं वाचलाही नव्हता, दाखवली तिथे सही केली. अर्ज मी भरला होता. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, घाईत चुकीच्या ठिकाणी खूण पडली असणार. चोवीस वर्षांत माणसाच्या हातून एखादी चूक होतेच.

तिच्यावर राग धरू नकोस.

दादा


११ एप्रिल

धाकटे,

परवापासून ते मागचं पत्र माझ्या मागे फिरतंय. घाईत खूण पडली म्हणे. त्या रकान्यात खुणेची सोयच नाही. तिथं लिहावं लागतं. मी दोन शब्द लिहिले, 'कोणीही नाही', आणि वाटोळ्या अक्षरात लिहिले. गर्दीही नव्हती. दुपार होती, दुकानात एक माशी आणि मी.

त्याचं एक कारण माझ्याजवळ आहे, आणि ते चांगलं आहे. तुझ्या वहिनीला ते पटलं होतं. ज्या बाईची मुलगी पंधरा दिवसांच्या व्हिसावर जाऊन परतलीच नाही, त्या बाईला ते लोक दारात उभं करत नाहीत. मग मुलगी दाखवायचीच कशाला? धंद्यात हे सगळेच करतात. कोणाचा भाऊ लपवतो, कोणाचा जावई. मी शेकडो लोकांना नातेवाइकांपासून सोडवलंय, तेही रांगेत न उभं राहता. आईचा तो अर्ज तेव्हा तरीही नाकारला गेला, परत येण्याचं सबळ कारण नाही म्हणून. पण अर्ज मेला तरी उत्तरं मरत नाहीत. ती तिथं संगणकात बसून राहतात, सात-सात वर्षं, न जेवता न खाता.

आता दुसरं कारण. तुझा अर्जही मीच भरला होता. 'पंधरा दिवसांनी परत येईल' हे माझ्या अक्षरात होतं. सोळाव्या दिवशी आई आणि मी विमानतळावर गेलो. शेवटची बॅग पट्ट्यावरून फिरत राहिली, ती कोणा दुसऱ्याची निघाली. पुढल्या महिन्यात वकिलातीनं मला बोलावून घेतलं, दोन तास बसवलं, आणि वर्षभर माझ्या दुकानातून आलेला प्रत्येक अर्ज बाजूला काढून ठेवला. तू तिथं का राहिलीस, कशातून सुटून गेलीस, हे सगळं आईला ठाऊक होतं, मलाही अर्धं ठाऊक होतं. पण मला माझ्या अक्षराचा अपमान दिसला. घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, मला बहीण नाही. आई तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नंतर चार वर्षांनी त्या रकान्यापाशी आलो तेव्हा पेन अडखळलं नाही. खरं सांगू, बरं वाटलं. अकरा वर्षांत तेवढी एकच गोष्ट मी अगदी मनापासून लिहिली.

म्हणजे आईनं साहेबापुढे जे म्हटलं, ते वाक्य तिचं नाहीच. माझं उचललं आणि नातं तेवढं बदललं.

मी तिला विचारलं, असं का बोललीस? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आता हातानं चाचपून घालते, तरी काठाला काठ जुळतो. म्हणाली, "तुझं नाव सांगितलं असतं तर दुकान गेलं असतं."

"आणि तिचं काय?"

"बंद खोलीत बोलले मी. तिला कोण सांगायला जातंय?"

धाकटे, नकारपत्राची प्रत तुला जाते हे तिला माहीत नाही. मी तिला ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा शेवटची ओळ गाळली. ती अजून म्हणते, कामावर बोलावलं असेल.

दादा


६ मे

धाकटे,

मी प्रतिज्ञापत्र केलं. सात वर्षांपूर्वीचा अर्ज माझ्या हातचा, मजकूर माझा, अर्जदाराला मजकूर ठाऊक नव्हता, मुलाखतीतलं तिचं विधान मला वाचवण्यासाठी होतं. चार ओळी. एवढं खरं एका कागदावर मी आयुष्यात प्रथमच लिहिलं, त्यामुळे हात जरा आखडला. तुझी वहिनी वाचून म्हणाली, "आणि दुकान?" मी म्हटलं, झेरॉक्स राहील. ती म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन स्वतःच शिक्क्याची पेटी काढून आणली. वीस वर्षांच्या संसारात तिनं माझी केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती.

खिडकीवरच्या मुलीनं कागद उलटसुलट केला. विचारलं, तक्रार आहे का? म्हटलं, हो. कोणाविरुद्ध? म्हटलं, माझ्या. तिनं यादी वरून खाली पाहिली. स्वतःविरुद्ध असा प्रकार यादीत नव्हता. दोन मिनिटं आत जाऊन आली आणि 'इतर'मध्ये घातला.

आठवड्यानं मला वकिलातीच्या मान्य अर्ज भरणाऱ्यांच्या यादीतून काढल्याचं पत्र आलं. दुकानाची पाटी उतरवली. पाटीमागे भिंतीचा रंग नवा कोरा निघाला, चोवीस वर्षांपूर्वीचा. आईला सांगितलं, रंगकाम चाललंय.

आईचं उत्तर यायचं आहे. मी गिऱ्हाइकांना कधी आशा दाखवत नसे, नियमच होता माझा. पण यावेळी मला वाटतं, बंदी उठेल. कागद खरा आहे. तिला अजून उजेडात, मान तिरकी करून, वर्तमानपत्राचा मथळा लागतो. ऑगस्टपर्यंत निघेल असं डॉक्टरही म्हणाला. जमलं तर जूनमध्येच पाठवीन. तू विमानतळावर ये, आणि जवळ उभी राहा. समोर नको, जरा डाव्या बाजूला. तिथून तिला चांगलं दिसतं.

दादा


२७ जून

धाकटे,

तुलाही आलं असेलच. तरी माझ्या तोंडून ऐक.

'अर्जात दिलेल्या उत्तरांची जबाबदारी, अर्ज कोणीही भरला असला तरी, सही करणाऱ्याची आहे. सबब पहिली बंदी कायम. तसेच मुलाच्या प्रतिज्ञापत्रावरून, अर्जदाराने मुलाखतीत शपथेवर दिलेले उत्तर खोटे असल्याचे सिद्ध होते. सबब दुसरी बंदी, दहा वर्षे, पहिली संपल्यावर सुरू.' म्हणजे मी खोटं लिहिलं त्याची तिला दहा वर्षं, आणि खरं लिहिलं त्याचीही दहा. भाव एकच ठेवलाय, कोणाला बोलायला जागा नाही.

पत्र तिला वाचून दाखवणं भागच होतं. ती खिडकीशी बसली होती. मी एका दमात वाचत गेलो, गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो तसं, आवाजात काही न घालता. ती म्हणाली, "खरं बोलायची घाई कोणी केली होती तुला?" मग बोटांवर मोजलं. "चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा तरी खिडकीजवळची जागा बघ." मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी खालची ओळ वाचून गेलो. सवयीनं. चोवीस वर्षं मी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आलोय, शिक्क्यासकट.

"निमंत्रकास प्रत."

"निमंत्रक म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

लपवायला मला एक अख्खा श्वास मिळाला होता. नाही जमलं. म्हणालो, "बोलावणारा. म्हणजे ती."

"आधीच्या पत्राखाली पण होतं?"

"हो."

फोन समोर होता, तो तिनं हळूच टेबलाच्या कडेला सरकवला. पाणी दिलं तर प्यायली. मग म्हणाली, तिचा फोटो आहे का? माझ्याकडे होती ती तुझ्या राहण्याच्या परवान्याची रंगीत झेरॉक्स, निमंत्रणाला जोडलेली. ती दिली. तिनं भिंग लावलं, मान वळवली, कागद डाव्या कानाजवळ नेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. डोळ्यांत थेंब घालायची वेळ टळली तरी मी मध्ये बोललो नाही. कागद तीनदा खाली ठेवला, तीनदा उचलला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हसत नाहीये."

मी म्हटलं, "आई, हसायचं नसतं त्यात. नियम आहे. तिकडेही तोच."

"नक्की?"

"नक्की. हसलं तर फोटो परत करतात."

"मग असू दे," ती म्हणाली. "मला वाटलं, पत्र वाचून झाल्यावर काढलाय."

त्याला आज बारा दिवस झाले. आता भिंग तिनं परत दिलंय, उपयोग नाही म्हणाली. डॉक्टरचा अंदाज सहा आठवड्यांनी चुकला. तुझं बघितलेलं शेवटचं तोंड तेच. कान दिसतायत, ओठ मिटलेले, मागे पांढरं.

पाच पत्रं मी तुला लिहिली आणि प्रत्येकात काही ना काही राखून ठेवलं. या सहाव्यात काही शिल्लक नाही, उलटून बघ. मला माफ करायला सांगत नाही. ते 'लागू नाही' धर. पण तिनं तुला कधी नाकारलं नाही, हे तू कोणाकडून तरी ऐकायला हवं, आणि सांगणारा माझ्याखेरीज दुसरा कोणी नाही. माझ्या शब्दाची किंमत काय ते तुला ठाऊक आहेच.

फोन तिनं परत टेबलाच्या मध्यावर आणून ठेवलाय. रविवारी दहाला बसते. आता नाव दिसत नाही, म्हणून वाजला की उचलून आधी गप्प राहते, पलीकडचा आवाज ओळखू येईपर्यंत. वीजबिलवाल्यालाही ती अशीच आधी ऐकते. तू केलास तर तिच्या त्या गप्प राहण्याचा राग आला असा अर्थ काढू नकोस. आधी तुला बोलावं लागेल.

दादा